मांगरातली बोट

(१९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. मी एसटीच्या आगारात ३१ वर्षं मेकॅनिक होतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत निवृत्त झालो. त्यामुळे हा आता गाड्यांच्या गोष्टी सांगणार, असं तुम्हांला वाटलं असेल. पण मी सांगणार आहे ते निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात घरी केलेल्या एका कामाबद्दल. आमच्या मांगरात एक जुनी फायबरची बोट पडून होती. ती मी आणि माझ्या पुतण्याने मिळून पुन्हा पाण्यात जाण्याजोगी केली. जूनमध्ये सुरू केलेलं काम संपायला सप्टेंबर उजाडला.

आपल्यातले बरेच जण मुंबई-पुण्याला आणि त्याहून लांब गेले, म्हणून थोडं इथलं वेळापत्रक सांगतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हे दिवस माशांच्या विणीचे असतात आणि दर्याही खवळलेला असतो. पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी मेच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत बंद. या काळात बोटी वर ओढायच्या, शाकारायच्या आणि डागडुजी करायची, ही आपल्याकडची रीत. आपल्या लहानपणी लाकडी होड्या होत्या. त्यांवर चुडतांची झापं घालायचे, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचे, माशाचं तेल लावायचे. शाळेतून येताना त्या तेलाचा वास नाकात बसायचा, तो अजून आठवत असेल. आता बहुतेक बोटी फायबरच्या आहेत. फायबरला काही होत नाही, असा एक समज आहे. तो किती खरा आहे, ते पुढे येईलच.

ही बोट माझ्या थोरल्या भावाची. दादा शाळेत आपल्या दोन इयत्ता पुढे होता, कबड्डीच्या संघात होता, काहींना आठवेल. २००४ साली त्याने ही २२ फुटी बोट घेतली. मागे अडकवायचं ४० अश्वशक्तीचं, दोन-स्ट्रोकचं पेट्रोल इंजिन. जाळी मारायला जायचा, त्यावर घर चालवलं, दोन मुलींची लग्नं केली. चार वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून बोट मांगरात ताडपत्रीखाली होती.

मी निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. इंजिनाचे ४५ हजार देतो, बोट अशीच घेऊन जातो, म्हणाला. वहिनींनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. पुतण्या २४ वर्षांचा. आयटीआय केलेला, गोव्यात एका हॉटेलात कामाची बोलणी चाललेली. तो मला म्हणाला, "काका, तुमी मेकॅनिक. इकूच्या आधी एकदा बघा तरी." एवढ्यावर हे काम सुरू झालं.

पहिला आठवडा आम्ही काहीच दुरुस्त केलं नाही. बोट गोड्या पाण्याने धुतली, सुकवली आणि नुसती ठोकून पाहिली. हातात एक छोटी हातोडी आणि खडू. फायबरचे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असले की आवाज टणक येतो. आत पाणी शिरलं असेल किंवा थर सुटले असतील, तर आवाज बसका, भदभद येतो. बसका आवाज आला की खडूने गोल करायचा. वीतभर अंतर सोडून सगळी बोट ठोकायला दोन दिवस लागले. तळ चांगला निघाला. वरच्या गुळगुळीत थराला केसासारख्या चिरा होत्या, काही ठिकाणी फोड आले होते. ते खरवडून, सुकवून भरता येतात. पण मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन अडकवतात, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भदभद बोलली.

ही फळी बाहेरून फायबरची दिसते, पण आत प्लायवूड असतं. नुसत्या फायबरला तेवढा ताठपणा येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी फायबर आणि मध्ये लाकूड. इंजिनाचे बोल्ट याच फळीतून आरपार जातात. बोल्टच्या भोकाशी लावलेला मसाला वर्षानुवर्षांच्या थरथरीने सुटतो, पाणी थेंबथेंब आत जातं आणि प्लाय बंद डब्यात कुजत राहतं. बाहेरून रंग चकचकीत. आम्ही आतल्या बाजूने पाच ठिकाणी बारीक ड्रिल मारलं. आधी पांढरा भुगा आला, मग काळा ओला लगदा, कुजलेल्या पाचोळ्यासारखा वास येणारा.

पुतण्या म्हणाला, "काका, वरसून दोन मॅट मारूया आणि रंग लावया. कोणाक कळतला?"

मी म्हटलं, "दर्याक."

यात मोठेपणा नाही. आगारात ब्रेकचं काम करणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. ते इंजिन सत्तरेक किलोचं आहे. बोट लाटेवरून खाली आपटते तेव्हा त्या वजनाचा हिसका फळीला बसतो, आणि सबंध बोट पुढे ढकलण्याचा जोरही तिच्यातूनच जातो. किनाऱ्यापासून सात-आठ मैलांवर ती फळी उघडली, तर इंजिन पाण्यात आणि मागून पाणी बोटीत. बोटीत माणसं दोन असतात. त्यातला एक माझा पुतण्या.

म्हणून फळीच्या आतल्या बाजूचं फायबर कापून काढलं आणि कुजलेलं प्लाय छिन्नीने खरवडलं. चार घमेली निघालं. बाहेरचं फायबर शाबूत ठेवलं, म्हणजे फळीचा मूळ आकार राहतो. इथपर्यंत सोपं होतं.

खरी अडचण इथून सुरू झाली. पावसाळा हा बोटीच्या सुटीचा काळ, आणि फायबरच्या कामाला सगळ्यांत वाईट काळही तोच. थंड देशांत लोक हिवाळ्यात बोटी दुरुस्त करतात, तेव्हा त्यांना ऊब पुरवावी लागते. आपल्याकडे ऊब असते, पण हवाच ओली. ओल्या लाकडावर किंवा ओल्या फायबरवर रेझिन लावलं तर ते वरून कडक होतं आणि खालून धरत नाही. पुढच्या वर्षी पापुद्र्यासारखं सुटून येतं.

आम्ही मांगरात मागच्या फळीभोवती ताडपत्रीचा तंबू केला. आत दोन जुने २०० वॅटचे दिवे आणि एक टेबल फॅन. जुलैत लाइट किती वेळ असते ते इथे राहणाऱ्यांना विचारा. सुकलं की नाही, हे हाताला कळत नाही. त्याची एक साधी परीक्षा आहे. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावायचा आणि रात्रभर सोडायचा. सकाळी प्लास्टिकच्या आतून दव दिसलं, तर अजून ओल आहे. आम्हांला १९ दिवस रोज सकाळी दव दिसलं.

जुलै संपत आला. शेजारच्या बोटींना रंग लागले, जाळी शिवून झाली. बंदी उठल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणजे कमाईचे दिवस. पुतण्याने गोव्याच्या नोकरीला नाही कळवलं होतं. इंजिनाच्या सामानासाठी वहिनींनी बचत गटातून कर्ज उचललं होतं आणि पहिला हप्ता ऑगस्टमध्ये होता. एका रात्री जेवताना पोरगा उठून गेला. "तुमका पेन्शन आसा काका, माका नाय," एवढंच म्हणाला. त्याचं चुकलं असं मला वाटलं नाही. मी घास तसाच धरून बसलो. वहिनी ताटात भात वाढत म्हणाल्या, "भावजी, हप्तो चुकलो तर फुडल्या म्हयन्यात भरूक येता. ह्येका काय झाला तर मी खयसून आणू?" त्यानंतर घाईचा विषय आमच्या घरात निघाला नाही. पोरगा सकाळी माझ्याआधी मांगरात हजर होता.

विसाव्या सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं.

आता आपल्या वर्गातल्या एका मित्राबद्दल सांगायलाच हवं. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि त्याचं नाव घेतलं तर उठून जाईन, अशी धमकी त्याने दिली आहे. तो फायबरच्या टाक्या बनवतो. लोखंड मला कळतं, फायबर कळत नव्हतं. तो दोन रविवार आला आणि आम्हांला उभं करून शिकवलं. पहिली गोष्ट त्याने सांगितली ती जिवाची. रेझिनमध्ये कोबाल्ट आणि हार्डनर अशी दोन द्रव्यं घालतात. ती दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायची नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर, तोही मापाने, शंभराला एक ते दोन. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय डबा उघडायचा नाही. घासताना तोंडाला चांगला मास्क, अंगभर कपडे. काचेची धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही.

प्लाय आणताना त्याने शिक्का बघायला लावला: आयएस ७१०. हे मरीन प्लाय. मानकाप्रमाणे ते ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवलं तरी थर सुटता कामा नयेत. घरच्या कपाटाचं साधं प्लाय स्वस्त मिळतं, दिसायला सारखंच असतं, पण इथे चालत नाही. पुठ्ठ्याचा साचा करून प्लायचे दोन तुकडे कापले, कडा रेझिनने भिजवल्या, कारण लाकूड कडेनेच पाणी पितं. मग रेझिनच्या लगद्यात फळी बसवून शिकंजे आवळले. जुन्या-नव्याच्या सांध्यावर जुनं फायबर उतरतं घासलं: जाडी एक असेल तर उतार बारा. सरळ कडेला नवी मॅट चिकटवली तर ती कडेलाच सुटते. त्या उतारावर ४५० ग्रॅमची मॅट, एका वेळी तीनच थर, प्रत्येक थरातली हवा रोलरने काढायची, मग थांबायचं. एकदम जाड थर दिला तर रेझिन आतून तापतं आणि तडकतं. ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली, त्यात हे सगळं उरकलं.

बोल्टच्या भोकांचं काम मला सगळ्यांत आवडलं. नव्या प्लायला भोक बोल्टपेक्षा बरंच मोठं पाडायचं. ते रेझिनच्या लगद्याने पूर्ण भरायचं. कडक झालं की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. आता बोल्टभोवती सगळीकडे रेझिनची नळी असते. पुढेमागे पाणी शिरलं, तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही. फळी ज्या जागेतून मेली, ती जागाच बंद केली.

इंजिन ही माझ्या हातातली गोष्ट होती, तरी ते चार वर्षं बंद होतं. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून दिलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते हवेतली ओल शोषतं. टाकीत महिनोन्‌महिने राहिलं की पाणी तळाशी वेगळं होतं, जुन्या रबरी नळ्याही नरम पडतात. म्हणून पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून ठेवावी. नळ्या सगळ्या बदलल्या, कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. खालच्या गिअरबॉक्समधलं ऑइल दुधासारखं पांढरट निघालं, म्हणजे सील गेलेलं आणि आत पाणी. सील बदलले. थंड पाणी खेचणारा रबरी पंखा, इंपेलर, एकाच स्थितीत राहून वाकडा झाला होता. तो स्वस्त असतो, पण तो थांबला की इंजिन काही मिनिटांत जळतं.

आणि सर, तुमच्यासाठी एक गोष्ट. इंजिनाच्या पायाला जस्ताचा एक तुकडा असतो. खारं पाणी धातू खातं, तर त्याने आधी जस्त खावं आणि ॲल्युमिनियम वाचावं, म्हणून. तुम्ही आमच्याकडून धातूंची क्रियाशीलतेची यादी पाठ करून घेतली होती. त्या यादीत ॲल्युमिनियम जस्ताच्या वर आहे. मग ॲल्युमिनियम आधी का झिजत नाही? हे कोडं घेऊन मी तुम्हांला फोन केला. तुम्ही ८४ व्या वर्षी फोनवर तास घेतलात: ॲल्युमिनियमवर हवेने त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर चढलेला असतो, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात ते यादीतल्या जागेपेक्षा सुस्त वागतं, आणि जस्त पुढे होतं. आमच्या इंजिनावरच्या जुन्या जस्तावर कुणीतरी रंग मारून ठेवला होता. रंगाखालचं जस्त झिजूच शकत नव्हतं, म्हणून पाय झिजला होता. नवा तुकडा बसवला आणि पुतण्याला बजावलं, बोटीला कितीही रंग लाव, याला ब्रश लागता कामा नये.

इंजिन अंगणात २०० लिटरच्या पिंपात गोडं पाणी भरून चालवलं. अकरावा दोर ओढल्यावर सुरू झालं. बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडली आणि वहिनी तुळशीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला होती. तेव्हा आमची बोट मांगरातच होती. नारळ आम्ही शेजाऱ्यांबरोबर अर्पण केला. गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या मध्याला, वाडीतल्या चौदा जणांनी ओंडक्यांवरून बोट खाडीत ढकलली. पहिले तीन दिवस खाडीतच फिरवली. आत तळाला रद्दीचे पेपर पसरले होते, कुठून पाणी येतं ते कळावं म्हणून. दर फेरीनंतर बोल्ट तपासले, फळी ठोकली. पेपर कोरडे राहिले. चौथ्या दिवशी पहाटे पोरगा आणि त्याचा जोडीदार बाहेर गेले. मी किनाऱ्यावर थांबलो होतो. साडेदहाला परत आले. मासे फारसे नव्हते. मी मासे बघितलेच नाहीत, आधी मागची फळी बघितली.

हिशेब सांगतो, कारण लोक तोच विचारतात. सामानाचे सगळे मिळून ६८ हजार ४०० रुपये झाले. त्यात इंजिनाचं सामान निम्म्याहून जास्त. मजुरी आमची. दीड महिन्याची कमाई बुडाली, ती वेगळी. बचत गटाचा एक हप्ता उशिरा गेला, बाकीचे वेळेवर गेले. नवी बोट इंजिनासकट यात आली नसती, याच्या अनेक पटींत गेली असती. आणखी एक हिशेब आहे. लाकडी होडी संपली की तिचं सरपण व्हायचं. फायबर जळतं ते विषारी धुराने, कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही. किनाऱ्यावर टाकलेल्या जुन्या बोटी बघा, त्या आपल्या नातवंडांनाही तिथेच दिसतील. चांगल्या तळाची बोट एका फळीसाठी टाकून देणं मला पटत नाही.

पण प्रत्येक जुनी बोट दुरुस्त करावी, असं मी म्हणत नाही. तळच भदभद बोलला असता, तर मी पुतण्याला बोट सोड आणि गोव्याला जा, असं सांगितलं असतं. आधी ठोकून बघायचं, ड्रिल मारून बघायचं, मग ठरवायचं. आणि काम हाती घेतलं तर तारीख आपण ठरवायची नाही, ती लाकूड ठरवतं.

पुतण्या पुढे काय करणार, असं मला कालपासून चार जणांनी विचारलं. खरं सांगतो, त्याने अजून ठरवलेलं नाही. एक हंगाम बरा गेला. मासा पूर्वीसारखा नाही, हे त्यालाही कळतं. पण या महिनाअखेरीला बोट पुन्हा मांगरात येईल, तेव्हा काय बघायचं, कुठे ठोकायचं आणि किती थांबायचं, हे त्याला माझ्याशिवाय येतं. गेल्या महिन्यात वाडीतल्या दुसऱ्या एका बोटीची फळी त्याने बघून दिली. मालक म्हणाला, वरून मॅट मार, रंग लाव. पोरगा काय म्हणाला, ते मला मालकानेच येऊन सांगितलं. तेच उत्तर, एका शब्दाचं.

शेवटी एक विनंती. आपल्या वर्गात सुतार आहेत, वायरमन आहेत, नर्स आहेत, शेती करणारे आहेत. बहुतेक जण आता निवृत्त झालो आहोत किंवा होणार आहोत. हातातलं काम ज्याला शिकायचं आहे, असा एखादा पोरगा किंवा पोरगी आपल्या घरात, वाडीत असेल, तर एक पावसाळा त्याच्याबरोबर काढा. मित्राने दोन रविवार दिले आणि सरांनी एक फोन दिला, तेवढ्यावर आमची बोट उभी राहिली.

मांगर बघायला कधीही या. वहिनी चहा देतीलच, आणि नशीब असेल तर बांगडेही मिळतील.